डिस्ट्रिब्युटरचं कुंकू

मला मास्तरीण व्हायचं होतं आणि आमच्या मोटारीला ते मंजूर नव्हतं, असा एकूण प्रकार होता. साल सत्तरच्या पुढचं कुठलं तरी. ऑर्डर आलेली: उद्या अकोल्याला ऑफिसात हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आसेगावहून सकाळची एसटी धरली असती तर कामच झालं असतं. पण बाबांनी वाशीमच्या एका शेठजींकडून जुनी मोटार घेतलेली, आणि माझी पोरगी जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत मोटारीतूनच जाईल हा त्यांचा हट्ट. ती मोटार आठ दिवसांपासून खोकत होती, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

एसटी गेल्यावर मंगरूळहून मिस्त्री आले. त्यांनी जुना डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारा डबा, उपसून काढला. काढण्याआधी त्याचं तोंड जिकडं होतं तिथं इंजिनावर पेचकसानं बारीक रेघ ओढून ठेवली. "नवा बी ह्याच रेघेवर बसवायचा. बोटभर सरकला तं गाडी चालत नाही," असं बाबांना समजावलं आणि जुम्म्याच्या नमाजाला गेले.

तेवढ्यात आईनं पूजा केली. आमच्याकडे वखराची नवी लोखंडी पास येवो की शिवणयंत्र, पूजेशिवाय काही कामाला लागत नाही. नुसता नवा डबा पुजून थांबली असती तर ती आई कसली. डबा जिथं बसणार त्या जागेलाही तिनं तेलात कालवलेलं कुंकू चांगलं जाड लिंपलं.

मिस्त्री परत आले, वाकले, सरळ झाले. "वहिनी, माही रेघ कुंकवाखाली गेली."

"मंग पुसा नं," मी म्हटलं.

त्यांनी हात मागं घेतला. "मी? पूजेचं कुंकू? तोबा. बिल्कुल नाही."

मी बाबांकडं पाहिलं. "घरात सवाशीण बाई असतानी मी कुंकू पुसू? कायले अभद्र बोलून राह्यली?" मग मीच चिंधी उचलली, तर दोघांनी एका दमात अडवलं. लग्न व्हायच्या पोरीनं तर मुळीच नाही. मला रडू येत होतं, आणि राग असा की दोघांनाही बॉनेटखाली घालून वरून झाकण लावावं.

मग सगळं अंदाजपंचे सुरू झालं. मिस्त्रींनी डबा अंदाजानं बसवला, बाबांनी चावी फिरवली, आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या कोंबड्या घराच्या धाब्यावर चढल्या. दुसरा बार त्याहून मोठा. गल्लीतून दोघं-तिघं विचारायला आले, लगन कोणाचं हाय. तिसऱ्या बारानंतर बाबा म्हणाले, "आता जमून राह्यलं." काय जमत होतं ते त्यांनाच ठाऊक. चार वाजले. रेल्वे साडेपाचची.

आई इतका वेळ उंबऱ्यात उभी होती. ती घासलेटात भिजवलेली चिंधी घेऊन आली. "सरका. मी लावलं, मीच पुसते."

"अवं, आयक तं खरं..." बाबा म्हणाले.

"माह्या कपाळाचं हाय का ते? इंजिनाचं हाय. पोरीची नोकरी चालली इकडं."

म्हणाली असं, पण पुसून झाल्यावर तिनं आधी स्वतःचं कपाळ चाचपलं आणि मग बाबांकडं पाहून घेतलं, धड उभे आहेत ना.

रेघ दिसली, डबा बसला, मोटार पहिल्याच चावीला सुरू झाली. जऊळक्याला मी हलत्या रेल्वेत चढले. बाबा प्लॅटफॉर्मवरच्या लोकांना सांगत होते, पोरगी मोटारीनं आली म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कारकुनापुढं ऑर्डर उलगडली. नेमकं तारखेवर तेलकट कुंकवाचं ठसठशीत बोट. आईनं ऑर्डरचीही पूजा कधी उरकली होती, कळलंच नव्हतं.

"तारीख दिसत नाही बाई. पुसून द्या," कारकून म्हणाला.

मी रुमाल काढला, आणि तो हातातच राहिला. आदल्या दिवशी एवढं आकांडतांडव करणारी मी.

"माझ्यानं नाही होत," मी म्हटलं. "तुमीच पुसा."

त्यानं कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि शिक्का बाजूला मारला.