झिपरू नानांनी कोणाला विचारलं नाही

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की पाच-सहा किलोमीटरवर जे गाव लागतं, तिथं जळालेली मोटर कोणाकडे न्यायची हा प्रश्न गेली पन्नास वर्षं कोणाला पडलेला नाही. झिपरू नानांकडे. विहिरीवरची असो की पिठाच्या गिरणीची, नाना ती उघडतात, जळालेली तार काढण्याआधी तिचा एकेक वेढा मोजून वहीत उतरवतात आणि नवी तार भरून देतात. हे काम त्यांना कोणी शिकवलं? कोणीच नाही. आणि ही गोष्ट नाना स्वतः सांगतात, न विचारता सांगतात, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवूनसुद्धा सांगतात.

सातवीत त्यांची शाळा सुटली. पुढे एका उन्हाळ्यात वडिलांच्या विहिरीवरची मोटर जळाली आणि धुळ्याचा मिस्त्री पंधरा दिवस फिरकला नाही. तेव्हा एकोणीस वर्षांच्या झिपरूने ती ओट्यावर उघडली. पहिल्यांदा भरली, जळाली. दुसऱ्यांदा भरली, पुन्हा जळाली. तिसऱ्यांदा मोटर फिरली, आणि तिच्याबरोबर आमच्या माणसाचं डोकंही फिरलं, असं त्यांची बायको बेबाबाई म्हणायची.

ते काही खोटं नव्हतं. त्यानंतर नानांनी शिकायचं सोडलंच नाही. एका पंपासोबत आलेलं पुस्तक गुजरातीत होतं, म्हणून गुजराती शिकले. म्हशीचं अडलेलं बाळंतपण शिकले. साठीत मोबाईल शिकले, सत्तरीत इंग्रजीला हात घातला. कशासाठीही कोणाच्या दारात गेले नाहीत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं जग म्हणतं. नानांचं मत, मागच्यानेही आपली ठेच आपणच खावी. दुसऱ्याने सांगितलेलं ध्यानात राहत नाही.

माणूस स्वतःपुरतं असं वागला असता तर बिघडलं नसतं. पण त्यांना एकुलती एक मुलगी होती, कामिनी.

कामिनी बारावी सायन्सला तालुक्यात नाव काढून पास झाली, त्याला आता तेवीस वर्षं झाली. धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात बीएस्सीला तिचा नंबर लागला. वर्गातल्या दोन मुली जात होत्या, खोलीही ठरली होती. नाना चिक्कू नव्हते, आणि पोरीच्या जातीने शिकू नये असल्या विचारांचे तर मुळीच नव्हते. तसे असते तर बरं झालं असतं, निदान तिला त्यांच्याशी भांडता आलं असतं. नानांनी तिला समोर बसवून मोठ्या प्रेमाने सांगितलं, “मी कोनता मास्तरकडे गयथू? बठ्ठं आपलं आपण शिकनं पडस. तू मनी पोर शे.” म्हणजे कॉलेजात जायचं नाही, सगळं घरी बसून आपलं आपण शिकायचं.

आणि ते स्वतः जळगावला जाऊन बीएस्सीच्या तिन्ही वर्षांची पुस्तकं घेऊन आले. खिडकीशी तिच्यासाठी टेबल केलं, त्यावर दिवा बसवला. पोरीसाठी एवढं करणारा बाप म्हणून गावाने कौतुक केलं. नानांनाही आपण जगावेगळे बाप आहोत असं वाटलं. जगावेगळे तर ते होतेच.

कामिनी बसली. पहिले काही महिने नेटाने बसली. अडलं की पुस्तक घेऊन ओट्यावर यायची. “नाना, हाई माले समजत नही.” त्यातलं विजेचं प्रकरण तर नानांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण ते हातातली तार खाली न ठेवता म्हणायचे, “देख, आखो एकदाव वाच. सापडी.” पुन्हा वाच, सापडेल, हा त्यांचा आशीर्वाद होता. सांगितलं तर तिचं शिकणं आपण हिसकावून घेऊ, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

एकदा बेबाबाईने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. “पोर रडी ऱ्हायनी. सांगी द्या ना तिले.”

“मी बी रडनू, तवयच शिकनू,” नाना म्हणाले.

पुढच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा कामिनी एकटीच धुळ्याला गेली आणि दुपारच्या गाडीने परत आली. बीएस्सीला घरी बसून परीक्षा देता येत नाही. प्रयोगशाळेत हजेरी लागते. कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसाने हे एका वाक्यात सांगितलं होतं. ते एक वाक्य वर्षभर आधी कोणालाही विचारता आलं असतं. पण नानांनी जन्मात कोणाला विचारलं नव्हतं. कामिनी ओरडली नाही. तिने पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवली. पुढच्या वैशाखात तिचं सोनगीरच्या हितेंद्रशी लग्न झालं. हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे. मुलगा सरळ आहे, तक्रारीला जागा नाही.

तेव्हापासून कामिनीने नानांना आपलं अडलेलं काही विचारलं नाही. राग नाही, अबोला नाही. सणाला येते, पाया पडते. बेबाबाई होती तोवर हे नानांना कळलंही नाही, कारण मायलेकींचं बोलणं घरभर चालायचं आणि नानांना वाटायचं की आपणही त्यात आहोत. तीन वर्षांपूर्वी बेबाबाई गेली. मग फोन नानांनाच उचलावा लागला. कामिनीचं बोलणं तेवढंच, जेवलात का, गोळी घेतली का, जपा. आणि तेही शहरी मराठीत, पाहुण्यांशी बोलावं तसं. गेल्या दिवाळीत हितेंद्रच्या तोंडून सहज निघालं की मिक्सर जळाला होता, कामिनीने तो भंगारात देऊन टाकला. अख्खा तालुका ज्यांच्याकडे मोटरी आणतो, त्या माणसाच्या मुलीने. नाना म्हणाले, “अगं, मला सांगायचं.” ती म्हणाली, “तुम्हाला कशाला त्रास, नाना.”

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. एवढी वर्षं पोर सुखात आहे म्हणून गप्प आहे असं समजत होते. आता एकच हवं होतं, तिने एकदा तरी आपल्याला काहीतरी विचारावं. हे कसं मिळवायचं ते त्यांच्या एकाही वहीत लिहिलेलं नव्हतं.

यंदा कामिनीच्या मुलीचा, मयुरीचा, देवपूरलाच डिप्लोमाला नंबर लागला, इलेक्ट्रिकलला. ही बातमीही हितेंद्रनेच दिली. नाना दुसऱ्या दिवशी निघाले. गाव ते धुळे, धुळे ते सोनगीर, दोन्ही गाड्यांत ते मनातल्या मनात घोकत होते. पोरीला पाठव, आणि माझं चुकलं. दोनच वाक्यं होती.

कामिनीने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “नाना, तिचं जायचं ठरलंय. तुमच्या पाया पडते, तिला घरी शिकायचं वगैरे काही सांगू नका.”

घोकलेली दोन्ही वाक्यं तशीच राहिली. आपली मुलगी आपल्याला भिते, हे त्यांना बहात्तराव्या वर्षी कळलं. त्यांनी नुसती मान हलवली.

दुपारी मयुरी पुस्तक घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं. “नाना, हा कॅपॅसिटर कशाला लागतो? मला कळतच नाहीये.”

नानांचे ओठ सवयीने हलले. मग त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. “घरातली साधी मोटर असते ना बेटा, तिला नुसती लाईट देऊन ती फिरत नाही. जागच्या जागी गुणगुण करते, तापते, आणि तशीच सोडली तर जळते. सुरुवातीला तिला कोणीतरी ढकलावं लागतं. ते काम कॅपॅसिटर करतो. एकदा फिरायला लागली की...” मयुरी वाट पाहत होती, म्हणून त्यांनी खाकरून पुरं केलं, “मग तिची ती फिरते.” मयुरीला कळलं. तिने आणखी एक विचारलं, तेही त्यांनी सांगितलं, बोटाने जमिनीवर काढून दाखवलं.

मयुरी आत गेली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. कामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पिठाने भरलेले, डोळे पुसता येत नव्हते. कधीची उभी होती कोण जाणे.

“माले काबर नही सांगं, नाना?” ती म्हणाली.

मला का नाही सांगितलं, एवढंच, पण बावीस वर्षांनी तिने त्यांना काहीतरी विचारलं होतं. नाना जरा सरकले आणि तिला शेजारी बसायला जागा केली.