डोकं साफ झालं की या

मंडणगडातल्या मुलींच्या वसतिगृहात रविवार हा सुट्टीचा नव्हे, उवांचा वार. निदान हौसामावशीपुरता तरी. सकाळची भांडी आटोपली की मागच्या पडवीत पाट टाकायचा, फणी घ्यायची आणि एकेकीला पुढ्यात बसवायचं. मान खाली, केस पुढे. पाचवीच्या कच्च्याबच्च्यांपासून दहावीच्या घोड्यांपर्यंत सगळ्यांची डोकी तिने इतकी चाळली होती, की पाठमोरी पोर ती भांगावरून ओळखायची. समोरून आली की नाव चुकायची.

नवरा गेल्यावर शेत दिराकडे गेलं आणि हौसा इथे आली. तेव्हापासून हेच. रेक्टरबाई एका खोलीमागे उवांच्या औषधाची एक बाटली द्यायच्या. पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतात, तसं हौसा त्यात खोबरेल घालून ते सगळ्यांना पुरवायची. औषध डोक्यावर किती वेळ ठेवायचं ते बाटलीवर छापलेलं होतं, पण टाकीतलं पाणी कुणासाठी थांबत नव्हतं. नळ गुरगुरायला लागला की "धुवा गो, धुवा," म्हणून ती ओरडायची. पहिल्या वर्षी उवा तिळासारख्या टपटपा पडल्या होत्या. आता औषध लावलं की जरा झिंगल्यासारख्या करायच्या आणि चालायला लागायच्या.

तिच्या स्वतःच्या डोक्यातही त्या होत्याच. असणारच. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यात डोकं घालून बसणारीला कोण सोडतं?

दिवाळीत ती रत्नागिरीला लेकाकडे गेली होती, तेव्हा नात सानवी तिच्या कुशीत झोपली. आठवड्याने बालवाडीच्या बाईंनी सानवीला घरी पाठवलं. सुनेचा, वैष्णवीचा, फोन आला. आवाज चढवला नाही तिने, तेच हौसाला जास्त लागलं.

"आई, रागावू नका. पण डोकं साफ झालं की या."

वैष्णवीचं चुकलं असं हौसाला म्हणता येईना. दिवसभर औषधाच्या दुकानात उभी राहणारी बाई, घरी येऊन पोरीच्या केसांतल्या लिखा वेचत बसली असणार. पण तीन वर्षांची सानवी आता फोनवर यायची नाही. "आजी बोलतेय" म्हटलं की पळायची. आणखी काही महिने गेले तर आजी म्हणजे फोनमधला एक आवाज, एवढंच उरणार होतं. शिमग्याला जायचंच, असं हौसाने ठरवलं.

मग एका शनिवारी तिने अख्खी बाटली स्वतःच्याच डोक्यावर ओतली, फडकं बांधलं आणि तशीच झोपली. सकाळी टाळू भाजल्यासारखी झाली होती आणि उशीवरून एक ऊ आरामात चालली होती.

"सवय झालीय मेल्यांना," ती पडवीत पुटपुटली. "दारुड्याला दारूची होते तशी."

पायरीवर दहावीतली रुचिरा विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. तिने मान वर केली.

"सवय नाही गो मावशी."

"मग काय, शाळेत जातात?"

"ऐक ना. मला पाठ पण होईल. सगळ्या उवा सारख्या नसतात. काही नाजूक, काही जन्मालाच दणकट. तू औषध लावलंस, कोण मेलं?"

"नाजूक."

"मग लिखा कुणी घातल्या?"

"राहिल्या त्यांनी."

"त्यांची पोरं कुणासारखी?"

"आईसारखी. आणि कुणासारखी असणार?"

"त्यांना परत औषध, परत त्यातली नाजूक तेवढी गेली. असं वर्षानुवर्षं. एक पण ऊ स्वतः बदलली नाही, शिकली नाही. फक्त मागे कोण उरतं, ते बदलत गेलं. याला नैसर्गिक निवड म्हणतात."

हौसाचा फणीचा हात थांबला. गावी असताना भात कापायच्या आधी ती शेतातून फिरायची आणि टपोऱ्या, भरलेल्या लोंब्या बियाण्याला वेगळ्या काढायची. उरलेलं ते खाऊन टाकायचं, उत्तम ते पेरायचं. इथे पडवीत बसून, पातळ औषधाचे हात फिरवत, तिने वर्षानुवर्षं दुसरं काय केलं होतं?

"म्हणजे बियाणं मीच राखलं म्हण."

"तू एकटीने नाही. बाटली एकच देतं कोण? पाणी जातं कुणामुळे?"

"ते ऱ्हाऊ दे. आता काय करू ते सांग. बोडकी होऊ?"

"फणी. केस ओले करून, भरपूर तेल लावून. फणीला दणकट-नाजूक कळत नाही, दातात आली की आली. पण लिखा फुटत राहतात, म्हणून तीन-चार दिवसांनी परत, परत, परत. आणि सगळ्यांचं एकदम हवं. एक डोकं राहिलं की झालं पहिल्यासारखं."

हौसाने पडवीभर पसरलेल्या वेण्यांकडे पाहिलं. तिचं मनगट नुसत्या विचारानेच दुखायला लागलं.

मोठ्या पोरींनी एकमेकींची डोकी वाटून घेतली. धाकट्या हौसाच्या वाट्याला आल्या. तिचं स्वतःचं डोकं रुचिराने घेतलं. पहिल्या दिवशी रुचिरा मागे बसून एकेक बट फणीत ओढू लागली आणि हौसा बसल्या जागी झोपून गेली. डोक्यावरून दुसऱ्या कुणाचा हात फिरून किती काळ लोटला होता, ते तिला आठवेना.

शिमग्यापर्यंत फणी स्वच्छ निघायला लागली. रुचिराने उन्हात दोनदा पाहिलं. "जा मावशी. पास."

सकाळच्या एसटीसाठी हौसा पिशवी घेऊन फाटकापाशी पोचली, तर समोरून ज्ञानेश्वरी आली. पाचवीतली पोर, मामाच्या लग्नासाठी आठवडाभर घरी गेलेली. हात सारखा डोक्यात. हौसाने नुसता भांग फाकवला आणि डोळे मिटले. गजबज होती नुसती. रुचिराचा पेपर, रेक्टरबाई गावाला. ही पोर अशीच आत गेली, तर शिमग्याहून परत येईस्तोवर आख्खी खोली भरणार.

"मेले, आजच यायचं होतं तुला?" म्हणत हौसाने पिशवी खाली ठेवली.

डोक्याला पदर घट्ट गुंडाळून, हात लांब करून तिने विंचरायला घेतलं. पण फणी टोचली, ज्ञानेश्वरीला आईची आठवण आली, आणि ती वळून हौसाच्या गळ्यात पडून रडायला लागली. पदर कधीच सुटला होता. हौसाने तिला दूर केलं नाही. तेवढी ताकदही उरली नव्हती. एसटी गेल्याचा आवाज दोघींनी ऐकला.

दुपारच्या गाडीने ती रत्नागिरीला पोचली तेव्हा ऊन कललं होतं. दार वैष्णवीने उघडलं. तिच्या पायांमागे सानवी उभी होती. हौसा उंबऱ्याबाहेरच थांबली. वाटेत सगळ्या घाटांत तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं. आता तेही जमेना.

"साफ झालं होतं गो. पण आज सकाळीच एकीचं विंचरलं. गळ्यात पडली ती. आधी बघ, मग आत घे."

 वैष्णवीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने गॅलरीत स्टूल ठेवलं आणि तेलाची वाटी आणली.

"बसा. सानवी, तू दारातच थांब."

वैष्णवीचा हात रुचिरासारखा हलका नव्हता.

"एक निघाली," बऱ्याच वेळाने वैष्णवी म्हणाली.

"आणखी असेल."

"असेल. हलू नका."

सानवी चौकटीला धरून हे सगळं पाहत होती. हळूच तिने विचारलं, "आई, आजीच्या पायाला पण उवा असतात?"

"पायाला नाही. त्या डोक्यातच राहतात."

सानवीने आईच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग ती आली आणि हौसाच्या पसरलेल्या पावलांना पाठ टेकून बसली. हौसाने मान खालीच ठेवली. अजून अर्धं डोकं विंचरायचं राहिलं होतं.