डग्लसची वाकी

सरोजताई म्हणजे कतारमधल्या रास लफानला एका ठेकेदाराच्या दवाखान्यातलं खमकं माणूस. मूळच्या नाशिककडच्या, बावीस वर्षं नर्स. भले भले इंजिनियर त्यांच्यापुढं इंजेक्शनला निमूट बाही वर करायचे. अशा बाईचा हात आयुष्यात एकदाच कचरला, आणि तोही नको तिथं.

फुटबॉलच्या वर्ल्डकपला तीन वर्षं उरली होती, जिकडंतिकडं रस्ते खणलेले. पापुआ न्यू गिनीहून आलेल्या डग्लस नावाच्या टेक्निशियनचा उजवा हात दोन पाइपांत चेचला. डॉक्टर रजेवर. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, "वीस मिनिटं, इन्शाल्ला."

सूज कोपरावरून वर चढली. दंडात वेलीच्या धाग्यांची घट्ट विणलेली वाकी होती, मधूनमधून शिंपल्यांचे पांढरे मणी. तिथं रक्त अडायला लागलं. ताईंनी कात्री उचलली तसा डग्लस ओरडला, "सिस्टर, नको! आईनं दंडावरच विणलीय. आमच्या घरात माणूस मेला की मगच त्याची वाकी कापतात."

झालं! वडील गेले त्या दिवशी आईच्या बांगड्या दगडानं फोडताना ताईंनी पाहिल्या होत्या. सहा वर्षांच्या होत्या, पण तो आवाज काही कानातून गेला नव्हता. जित्या माणसाच्या अंगावरचं असलं काही कापायचं त्यांच्या जिवावर आलं.

"बरं बाबा, नाही कापत. साबण लावून काढू."

घट्ट बांगडी अशीच तर उतरते! पण बांगडी काचेची असते हो, ही वेल. पाणी पिऊन ती फुगली आणि दंडात आणखीच रुतली. ताई आपल्या चोळतायत, दाराकडे बघतायत. वीस मिनिटांचे दोन तास झाले. बोटं काळीनिळी पडली, गार झाली. तेव्हा कुठं त्यांनी डोळे मिटून कात्री चालवली. तोवर उशीर झाला होता. हॉस्पिटलात हात दंडापासून काढावा लागला.

महिन्याभरानं डग्लस निरोप घ्यायला आला. उजवी बाही दुमडून पिन लावलेली.

"माझं चुकलं रे," ताई म्हणाल्या. "तू कितीही ओरडलास तरी मी कापायला हवी होती."

तो चिडला असता तर त्यांना सोसलं असतं. त्यानं नुसती डाव्या हातानं बाहीची पिन नीट केली.

"आईला सांगितलंस?"

"काल सांगितलं. खूप रडली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, वेड्या, कापायची ना! मी दुसरी विणली असती."