आपलं माणूस सुटता कामा नये

तिनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या टेबल टेनिसच्या सामन्यात. ते पंच होते आणि खेळणाऱ्या दोघांत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. सामना सुरू होण्याआधी त्यांनी उभं राहून सांगितलं, "डावीकडचा खेळाडू माझा भाऊ आहे. कोणाची हरकत?" सगळे हसले. हरकत कोणीच घेतली नाही. शेवटच्या गुणाला भावाचा चेंडू टेबलाच्या काठाला लागून उडाला. मागच्या रांगेत बसलेल्या तिलासुद्धा तो दिसला. पंचांनी गुण दिला दुसऱ्याला.

"दादा, लागला होता रे!" भाऊ ओरडला.

"लागला असेलही," पंच शांतपणे म्हणाले आणि पाण्याचा ग्लास उचलला.

किती सरळ माणूस, असं तिला वाटलं. लग्न झाल्यावर तिचं मत जरा बदललं. लोकांचं कसं, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. यांच्या घरात बाब्या कायम शेजारच्यांचा आणि कार्टं तेवढं यांचं. निबंधाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं, तर स्वतःच्या मुलीला तिसरा नंबर देऊन आले. मुलगी दोन दिवस बोलली नाही. हे मात्र खुशीत.

यथाकाल ते न्यायाधीश झाले. खटला पुढे आला की पक्षकारांशी आपला काय संबंध आहे ते भर कोर्टात सांगायचं, ही त्यांची रीत. "वादीच्या दुकानातून मी एकदा छत्री घेतली आहे. छत्री चांगली निघाली. कोणाची हरकत?" वकिलांनी त्यांचं नाव तराजूसाहेब ठेवलं होतं. त्यापुढचं वकील फक्त कॅन्टीनमध्ये बोलत : तराजू खरा आहे, पण साहेबांशी तुमची ओळख निघाली तर त्या दिवशी तारीख मागून घ्या.

मग निवडणूक झाली, सरकार बदललं आणि गावचे माजी नगराध्यक्ष पकडले गेले. रस्त्यावरच्या दिव्यांच्या कंत्राटात घोटाळा केला, असा आरोप होता. दिवे लागत होते, पण ते कोणाच्या काळात लागले हा गुन्हा जास्त गंभीर होता. जामिनाचा अर्ज तराजूसाहेबांपुढे आला. माजी नगराध्यक्षांची बायको म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण.

साहेबांनी रीतीप्रमाणे सांगितलं, "आरोपीच्या पत्नी माझ्या पत्नीच्या बालमैत्रीण आहेत. आमच्याकडे चहाला येतात. कोणाची हरकत?"

सरकारी वकीलबाई ताडकन उठल्या. "सरकारची मुळीच हरकत नाही, साहेब! आमचा न्यायालयावर पूर्ण विश्वास आहे."

आरोपीचे म्हातारे वकील टेबलाचा आधार घेत सावकाश उठले. "साहेब, विचार करायला उद्यापर्यंत वेळ मिळावा."

"तुम्हाला? अहो, ओळख तुमच्या बाजूची आहे."

"तीच तर पंचाईत आहे, साहेब."

कोर्टात खसखस पिकली. साहेबांना त्यातला विनोद कळला नाही.

संध्याकाळी साहेब घरी यायच्या आत मैत्रीण मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"इकडे आड, तिकडे विहीर झालंय गं," ती म्हणाली. "शेजारच्या कोर्टातल्या साहेबांचा मेहुणा या सरकारनं महामंडळावर बसवलाय. तिकडे गेलं तर मेलोच. आणि तुझ्या नवऱ्याकडे राहिलं तर..."

"तर काय?"

"तर तुझ्या हातचा चहा पिल्याची शिक्षा! एवढंच सांग त्यांना, की आमची ओळख नाही असं समजा. सूट नको बाई, भीक नको. पण अनोळखी चोराला देतात तेवढा तरी न्याय द्या म्हणावं."

कोर्टातली गोष्ट घरात काढायची नाही, हा त्या घराचा नियम होता आणि तिनं तो आजवर मोडला नव्हता. साहेब जेवून चष्मा पुसत बसले तेव्हा ती समोर येऊन बसली.

"मी खटल्याबद्दल काही बोलणार नाही. तुमच्याबद्दल बोलणार आहे."

"बोल की."

"गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं, तेव्हा चूक कोणाची होती?"

"शेजाऱ्यांची. उघड होतं."

"मग माफी मला का मागायला लावलीत?"

"अगं, तू माझी बायको. लोक काय म्हणाले असते?"

"बघा. म्हणजे निकाल लोकांच्या तोंडाकडे बघून दिलात. ओळखीच्या माणसाला सोडणं जसं वाईट, तसं ओळख आहे म्हणून बुडवणंही वाईटच ना? तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही असं तुम्हाला वाटतं. तुम्ही कायम समोरच्या बाजूचे आहात."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "हे मला आधी कोणी सांगितलं नाही."

"हरकत कोण घेणार? न्यायाधीश तुम्हीच."

त्यांनी तागडी एकदा तरी सरळ धरावी, एवढंच तिला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तागडीच खाली ठेवली. खटल्यातून बाजूला होताना कारणही लिहिलं : 'आरोपीला मी झुकतं माप देईन ही भीती नाही. त्याच्याशी मी विनाकारण कठोर वागेन, अशी आहे.' सत्ताधारी म्हणाले, साहेब आरोपीला सामील आहेत. विरोधक म्हणाले, साहेबांनी सरकारचा दबाव कबूल केला. लिहिलं होतं तेच खरं असेल, अशी शंका कोणालाच आली नाही.

अर्ज शेजारच्या कोर्टात गेला. तिथल्या साहेबांनी मेहुण्याबद्दल काही सांगितलं नाही. हरकत आहे का असं विचारलंही नाही. न्यायावर कुठला डाग पडला नाही आणि चहा निवायच्या आत जामीन नाकारला गेला. माजी नगराध्यक्ष पावसाळाभर आत राहिले. शेवटी तुरुंगातूनच त्यांनी पक्ष बदलल्याचं पत्रक काढलं. पुढच्या तारखेला वकीलबाईंनी जामिनाला हरकत नसल्याचं त्याच उत्साहानं सांगितलं.

मैत्रीण पेढे न आणता आली. "तुझा नवरा खरा माणूस आहे," ती म्हणाली, "पण त्याच्या खरेपणापायी माझा नवरा आत बसला, आणि बाहेर आला तो वेगळाच माणूस."

साहेबांना तिनं हे सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं." त्यांनी बचाव केला नाही, आणि स्वतःला दोषही दिला नाही. तिला वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी घरच्या माणसाचं म्हणणं सरळ ऐकून घेतलं.

पुढे साहेबांची बदली झाली. सध्या ते मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे चालवतात. कोर्ट जवळच आहे, त्यामुळे दुपारी जेवायला घरी येतात.