गडदे मॅडम : नोंदणी आणि हात

सौ. इंदुमती गडदे यांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. नेमणुकीचं पत्र घेऊन मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि माझी नोंदणी कधीपर्यंत आहे, एवढंच विचारलं. मी वर्ष सांगितलं.

‘वर्ष?’ मॅडम म्हणाल्या. ‘औषधाच्या बाटलीवर नुसतं वर्ष बघून देतीस व्हय गं?’

मी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं आणि तारीख वाचून दाखवली. मग त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, जेवण झालं का तेही विचारलं. आमची ओळख अशी झाली. त्याला आता बरीच वर्षं झाली. या महिन्यात मॅडमना साठ पूर्ण होत आहेत आणि आपल्या रुग्णालयाच्या मेट्रन पदावरून त्या निवृत्त होत आहेत. या गौरवग्रंथात इतर मंडळी त्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहितीलच. मला एका प्रसंगाबद्दल लिहायचं आहे. तो आमच्या परिचारिकांना ठाऊक आहे. बाहेरच्या फारशा कुणाला ठाऊक नसावा.

त्यासाठी थोडी माहिती द्यावी लागेल. परिचारिकेचं नाव राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत असावं लागतं आणि ती नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. मधल्या काळात ठरावीक तासांची व्याख्यानं, प्रशिक्षणं पुरी करावी लागतात. मुदत संपली की तिने रुग्णाला हात लावायचा नाही, म्हणजे सुई, औषध, तपासणी काहीच करायचं नाही. बहुतेक ठिकाणी ही तारीख ऑफिसातला कारकून सांभाळतो. कारकून बदलला की तारीख विसरली जाते. मॅडमना ही पद्धत मान्य नव्हती. नोंदणी जिची, सांभाळायची तिनेच, असं त्यांचं म्हणणं. दर महिन्याच्या पहिल्या सकाळी, ड्यूटी बदलताना, त्या सगळ्यांना आपापल्या फोनवर कौन्सिलच्या पानावरची आपली नोंदणी उघडायला लावत आणि एकेकीला विचारत, ‘जिवंत आहेस का?’

‘जिवंत आहे, मॅडम.’

एकदा वॉर्डात आलेल्या एका नातेवाइकाने हे ऐकलं आणि तो बिचारा आल्या पावली बाहेर गेला. इथे नर्सच जगतील की नाही याची खात्री नाही, असं तो खाली सांगत होता म्हणे.

मॅडमचा आणखी एक आग्रह होता. कौन्सिलकडे फोन नंबर आपला स्वतःचा द्यायचा. नवऱ्याचा नाही, दिराचा नाही. याबद्दल त्यांनी किती जणींना झापलं असेल, त्याला गणती नाही. कौन्सिलचा निरोप नवऱ्याच्या फोनवर आला तर तो क्रिकेटच्या निरोपाखाली दबून जातो, असं त्या सांगत.

अशाच एका महिन्याच्या पहिल्या सकाळी सगळ्यांची चौकशी संपल्यावर मॅडमनी शेवटी स्वतःचं पान उघडलं. त्यांनी अर्ज वेळेत भरला होता, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग आमच्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, ‘माझी काल संपली.’

झालं होतं ते असं. मॅडम सांगोला तालुक्यातल्या. वडील मेंढरं राखायचे. शिक्षण आणि पहिली नोंदणी लग्नाआधीची, माहेरच्या नावाने. लग्नात आपल्याकडच्या रीतीप्रमाणे नाव बदललं. माहेरची सखू सासरी इंदुमती झाली. आजवर विवाहाचा दाखला जोडला की काम भागत असे. या वेळी मात्र नोंदणीतली सखू आणि आधार कार्डावरची इंदुमती या दोन वेगळ्या बायका ठरल्या आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. तसा निरोप आला होता. पण तो गेला अण्णांच्या फोनवर. अण्णा म्हणजे मॅडमचे यजमान. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते मास्तर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. घरात एकच फोन असताना मॅडमनी कौन्सिलला दिलेला नंबर तसाच राहिला होता. जगाला शिकवताना स्वतःचा नंबर बदलायचा राहून गेला.

अण्णांना नंतर आम्ही विचारलं. ते म्हणाले, ‘सखुबाईंच्या नावानं मेसेज हुता. त्या नावानं आता कोण बोलावतंय? मला वाटलं लोन देणारं लोक हायती. काढून टाकला.’

मॅडमनी त्याच सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत त्या रुग्णाला हात लावणार नाहीत. कामाची सूत्रं त्यांनी माझ्याकडे दिली. घरी जाऊन गणवेश उतरवला आणि साध्या साडीत परत आल्या. संस्थेचे सचिव भले गृहस्थ. त्यांनी मॅडमना बोलावून समजावलं. एका दिवसाचा प्रश्न आहे, अर्ज तर भरलेलाच आहे, कुणाला कळणार नाही. फारच वाटत असेल तर आजारपणाची रजा टाका. मॅडमनी नकार दिला. रजा टाकली तर मी आजारी आहे असं लोक समजतील, आणि मी आजारी नाही, असं त्या म्हणाल्या. सचिवांनी विचारलं, पोरींसमोर मान खाली जाणार नाही का? मॅडम म्हणाल्या, जाईल थोडी. पण एखाद्या पोरीची मुदत संपली तर तिला घरी पाठवायला मला तोंड राहिलं पाहिजे.

त्या दिवसांत त्या खालच्या दालनात खुर्ची टाकून बसत. कुणाला कुठल्या खोलीत जायचं ते सांगत, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून नेत. बाकी काही नाही. आम्हाला त्यांच्याकडे बघवत नसे. एक श्रीदेवी तेवढी धीट. ती आमच्यातली सगळ्यात नवी, विणकर घरातली, रागावली की तेलुगूत पुटपुटणारी. ती जाता जाता मॅडमना म्हणाली, ‘मॅडम, जिवंत आहात का?’ आणि स्वतःच घाबरली. मॅडम हसल्या. ‘न्हाय अजून. अर्ज पोचलाय.’

मग ती दुपार आली. अक्कलकोटच्या बाजूने जीपमधून एक बाळंतीण आणली. आदल्या दिवशी प्रसूती झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. चेहरा पांढरा पडलेला, हात थंड. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. निरोप गेला होता, ते निघत होते. तोवर सलाइन चालू व्हायला हवं होतं. मी शीर शोधली. सुई आत गेली आणि शीर फुटली. श्रीदेवीने दुसरा हात घेतला. तिलाही मिळेना. रक्त कमी झालं की शिरा आकसतात, बोटाखाली काहीच लागत नाही.

मॅडम बाळंतिणीच्या सासूला धरून दारापर्यंत आल्या होत्या. सासू फक्त कानडी बोलत होती. ‘बा अव्वा’, म्हणजे ‘ये आई’, एवढं कानडी मॅडमना येत होतं आणि तेवढ्यावर त्यांनी तिला बाकावर बसवलं. मग त्या खाटेपाशी आल्या. कुणाची शीर मिळत नसली की मॅडमना बोलवायचं, हे या रुग्णालयात शिपायालाही ठाऊक होतं. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. उजव्या हाताने डावं मनगट धरलं.

‘मॅडम, तुम्हीच लावा,’ श्रीदेवी म्हणाली. तिला रडू येत होतं.

‘तू लावशील. डोळं मिट.’

‘मॅडम...’

‘मिट म्हणते न्हवं. डोळ्यानं दिसणार न्हाय, बोटानं बघ. कोपराच्या आत, जरा खाली. दाबू नको. नुसतं बोट ठेव आन् थांब.’

श्रीदेवी थांबली. मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘या डावाला न्हाय लागली तर मी लावते. माझी नोंदणी कायमची गेली तर गेली. बाई जाऊ द्यायची न्हाय.’

त्यांनी हे आमच्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, ते मला आजही सांगता येत नाही. श्रीदेवीचं बोट थोडं सरकलं. तिने डोळे उघडले, सुई घातली, आणि सुईच्या मागच्या बाजूला रक्ताचा थेंब दिसला. सलाइन चालू झालं. पाठोपाठ डॉक्टर आले. पुढचं त्यांनी केलं, आणि रक्तपेढीने. ती बाई वाचली. काही दिवसांनी बाळ घेऊन चालत घरी गेली.

त्या दुपारी मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डाव्या मनगटावर बोटांचे वळ होते. मी चहा नेऊन दिला. तुम्ही खरंच लावली असतीत का, असं मी विचारलं. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, ‘एक हात सुटला हुता माझा.’

मॅडमबद्दल मला जो अभिमान वाटतो तो या वाक्याचा. नियम पाळणारी माणसं आपण पाहतो. नियम मोडणारीही पाहतो, आणि त्यातल्या काहींचं कौतुकही होतं. नियम कशासाठी आहे हे ठाऊक असलेलं आणि तो पाळण्याची व मोडण्याची, दोन्हीची किंमत स्वतः द्यायला उभं राहिलेलं माणूस मी हे एकच पाहिलं. रुग्णाला आपला कागद दिसत नाही. तो आपल्या हातात हात देतो तो विश्वासाने. त्या विश्वासामागे काहीतरी खरं असलं पाहिजे आणि ते आपण तपासलेलं असलं पाहिजे, एवढंच मॅडम आम्हाला दर महिन्याला सांगत होत्या.

दुरुस्ती पुरी झाली, मॅडम गणवेशात परत आल्या. नोंदणीवर आता दोन्ही नावं आहेत. नंबर त्यांचा स्वतःचा आहे. आपल्या फोनवर आता कुणाचाच निरोप येत नाही, अशी अण्णांची तक्रार आहे.

मॅडमच्या मायेबद्दल लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील, पण त्यांना ते आवडणार नाही, म्हणून थोडक्यात. बाळंतपणानंतर घरी बसलेल्या आमच्या कितीतरी मुलींना त्यांनी वर्षभर व्याख्यानांना बोलावलं. मुलं मागच्या बाकावर खेळत असत. खंड पडू देऊ नका, परत यायला सोपं जातं, एवढंच त्या सांगत. वसतिगृहातल्या मुलींना सुटीच्या दिवशी त्यांच्या घरी हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं आणि बाजरीची भाकरी मिळे. श्रीदेवीला त्या दुपारबद्दल त्यांनी शाबासकी दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून अवघड शिरेसाठी बोलावणं आलं की त्या म्हणत, ‘श्रीदेवीला न्या.’ आजही तिलाच नेतात.

निवृत्तीचा दिवस ठरला तेव्हा आम्हाला वाटलं, आता मॅडम सांगोल्याच्या बाजूला शेतात राहतील, शेळ्या पाळतील. तसा त्यांचा बेत आहेही. पण मागच्या महिन्यात परिचारिकांसाठी मधुमेहावर एक व्याख्यान झालं. मॅडम पहिल्या रांगेत होत्या, लिहून घेत होत्या. संपल्यावर हजेरीच्या सहीसाठी तरुण मुलींच्या रांगेत उभ्या राहिल्या. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला आता तास कशाला हवेत?’

‘पुढची नोंदणी करायची हाय की,’ मॅडम म्हणाल्या. ‘नोकरी सुटली म्हणून नर्स सुटती का गं? वस्तीवर कुणाची बाई अडली तर तिला काय सांगू, माझी मुदत संपली?’

नोंदणी एका वेळी पाच वर्षांचीच मिळते. मॅडमनी ती नव्याने करून घ्यावी, पाच वर्षांनी पुन्हा, आणि त्यानंतरही पुन्हा. दर वेळी डोळे स्वच्छ असावेत, बोटं स्थिर असावीत, आणि रांगेत उभं राहण्याची ताकद पायांत असावी. आम्ही त्यांच्या मागे उभ्या असू.