नानांचा पाव्हणा

भास्करनाना कॉम्प्युटरमध्ये खोटी माणसं घालायचे आणि चहा यायच्या आत काढून टाकायचे. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत जळगावच्या एका रक्तपेढीत मी हिशेब बघायचो आणि रक्तदात्यांची नोंद नानांकडे होती. नोंदीचा प्रोग्रॅम ज्या मुलाने लिहिला, तो काहीच समजावून न सांगता परदेशी निघून गेला. त्या हिरव्या अक्षरांच्या आत काय चालतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाना अमळनेरकडचे, बोलण्यात अहिराणी मिसळायची. प्रोग्रॅमिंग शिकायचं वय गेलं म्हणायचे. पण त्यांनी आपली एक रीत काढली होती. एखादा कल्पनेतला माणूस नाव, पत्ता, रक्तगट, शेवटच्या रक्तदानाची तारीख घालून भरायचा आणि मग एकेक यादी छापून तो कुठे कुठे उमटतो ते बघायचं. "पाव्हणा सोडा भाऊ, अन् तो कोठे बसस ते देखा," असं ते मला सांगत. मी चिडवायचो, "नाना, तुमचा पाहुणा एखाद्या दिवशी जेवायला थांबेल." ते म्हणत, "थांबू द्या. तुमच्या डब्यात वाढू."

नानांच्या पत्नी सुशीलावहिनींच्या पोटाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची बाटली नव्हती. नानांनी स्वतः यादी काढली. एक दाता शिरपूरला बदलून गेलेला, दुसऱ्याला कावीळ. तिसरं नाव नव्हतं. धुळ्याला जीप पाठवली. ती बाटली घेऊन परतली तेव्हा नाना दवाखान्याच्या पायरीवर बसले होते आणि वहिनींना आत पांढऱ्या चादरीने झाकलं होतं.

तेरावं झाल्यावर नाना कामावर आले. सरळ कॉम्प्युटरपुढे बसले. या वेळी त्यांनी पाहुण्याच्या रक्तदानाच्या तारखेची जागा रिकामी ठेवली. नुसतं नाव नोंदवलेला, अजून रक्त न दिलेला माणूस. यादी छापली. पाहुणा यादीत नव्हता. तारखेवरून लावलेल्या त्या यादीत तारीख नसलेला माणूस येतच नव्हता.

मग आम्ही एकेक नोंद पडद्यावर उघडून पाहिली. ओ निगेटिव्ह, तारीख रिकामी, खैरनार सर. नानांच्या घरामागच्या गल्लीत राहणारे.

"माणूस शे भाऊ," नाना म्हणाले. "मंग दिसना का बरं नही?" पडद्यावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून स्वतःच म्हणाले, "माझा पाव्हणा नेहमी रक्त देऊन आलेला असायचा."

प्रोग्रॅम बदलणं आमच्या हातात नव्हतं. नाना म्हणाले, रिकाम्या जागी एखादी जुनी तारीख घालू. मला ते पटेना. "दिलंच नाही त्याला दिल्याची तारीख? नोंद खोटी होईल, नाना."

"तारीख खोटी राहू द्या. माणूस तर खरा शे."

शेवटी पेढी सुरू होण्याच्या आधीची एकच तारीख अशा रिकाम्या नोंदी असलेल्या सर्वांना घालायची ठरली, म्हणजे कुणाला ती खरी वाटणार नाही. नानांनी नोंदी भरल्या, मी तपासल्या. छापलेली यादी पूर्वीपेक्षा बरीच लांब निघाली. ती घडी न घालता नाना हातात धरून बसले.

त्या संध्याकाळी ते मला घेऊन खैरनार सरांकडे गेले. पत्ता बरोबर आहे का एवढंच बघायचं होतं. सरांना वहिनी गेल्याचं माहीत होतं, कशामुळे ते नव्हतं. म्हणाले, "शिबिरात नाव दिलं होतं, पण त्या दिवशी ताप होता म्हणून परत पाठवलं. नंतर कुणी बोलावलंच नाही." लगेच उठून त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चला ना, आत्ता येतो. कोणासाठी हवंय?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, "आज कुणासाठी नको, सर."

"मग लागेल तेव्हा सांगा," सर म्हणाले. "पाच मिनिटांत पोचतो मी."

नानांनी मान हलवली आणि अंगणातल्या ओट्यावर भिंत धरून खाली बसले.