पुढचा गडी

काचेच्या दुकानात सगळे त्याला मौनी म्हणत. तो मुका नव्हता. मनातल्या मनात तर त्याची अखंड बडबड चालायची. पण तोंड उघडलं की जीभ अडायची, आणि मग समोरचा माणूस दया येऊन त्याचं वाक्य पुरं करायचा, तेही बहुतेक वेळा चुकीचं. या दयेची त्याला चीड होती. म्हणून त्याने एक युक्ती काढली: अवघड शब्द लांबून येताना दिसला की बाजूच्या सोप्या शब्दाच्या गल्लीत वळायचं. 'क' हा तर त्याचा जन्माचा वैरी. त्यामुळे कॉफी जीव की प्राण असूनही तो चहा मागायचा. बायको बिचारी रोज निगुतीने चहा करायची आणि हा रोज निमूटपणे घशाखाली उतरवायचा.

दुकानातलं काम मात्र त्याच्या स्वभावाला मानवणारं होतं. मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची असते. पुढचा गडी रस्ता बघतो. मागचा नुसता तोल सांभाळतो. त्याचा गाल काचेला आणि नजर खालच्या कडेवर, समोरचं त्याला काही दिसत नाही. पुढचा ओरडेल ते ऐकायचं: पायरी, डावीकडे, थांब. आरोळीत मानपान नाही, मागे वडील माणूस असला तरी 'थांब'च म्हणायचं. पुढे असायचे त्याचे सख्खे मामा. त्यांनीच त्याला या धंद्यात आणलं होतं, आणि त्यांचा आवाज असा की 'थांब' म्हटल्यावर वरच्या मजल्यावरची माणसंही क्षणभर जागच्या जागी थबकत. मागे मौनी. जोडी झकास जमली होती, आणि ती अशीच निभेल असं मौनीने गृहीत धरलं होतं.

पण मामांची नजर अधू होऊ लागली. एकदा पायरी समजून त्यांनी पाऊल हवेतच टाकलं, काच वाचली ती निव्वळ नशिबाने. मालकीणबाई तोंडाच्या फटकळ, मनाच्या वाईट नव्हत्या.

"मामा, पुढे आता तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "मौनी पुढे राहत असेल तर तुम्ही मागे धरा. त्याला जमणार नसेल तर मला दुसरी जोडी बघावी लागेल. मग तुम्हाला द्यायला माझ्याकडे काम नाही."

"जमेल की. न जमायला काय झालं?" मामा म्हणाले.

मामांना मूलबाळ नव्हतं, दुसरं काम येत नव्हतं, आणि घरी बसले असते तर मामींनी चार दिवसांत त्यांना घराबाहेर काढलं असतं. हे सगळं आता आपल्या जिभेवर येऊन पडलंय, हे मौनीला कळत होतं. त्याने मान डोलावली. मान डोलवायला अक्षरं लागत नाहीत.

पहिलंच काम आलं ते एका नव्या सलूनचा आरसा वरच्या मजल्यावर चढवायचं. जिना अरुंद आणि वळणाचा. निम्मा जिना बरा गेला. वळणावर मात्र एका घराचं दार जिन्याच्या बाजूला उघडू लागलं. आतल्या बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर निघाल्या होत्या. इथे एकच शब्द हवा होता. पण मौनीला दिसलं की हा 'थ' अडणार, बाई बघणार, कदाचित हसणार. सवयीने तो सोप्या शब्दाच्या गल्लीत वळला. 'उभे राहा' म्हणावं? 'जरा दमा'? तो स्वतः थबकला होता, पण मागून मामांचा रेटा चालूच राहिला. आरशाचा कोपरा दारावर आदळला, आरसा उभा तडकला आणि त्याचा एक तुकडा मामांचा हात मनगटापासून चिरत खाली गेला.

टाके घालून झाल्यावर मामा दवाखान्यातल्या बाकावर बसले.

"दार दिसलं नाही का तुला?"

"दि-दिसलं."

"मग ओरडला का नाहीस?"

"श-शब्द शोधत होतो."

"कसला शब्द?"

"सोपा."

आता मामांचा पारा चढला. नर्स वळून बघू लागली. "मला शब्द कशाला हवा होता रे? नुसतं थ थ थ केलं असतंस तरी पहिल्या थ ला पाय रोवले असते मी! गाडीचा हॉर्न काय वाक्य पुरं करतो? तुझं अडखळणं मला चालतं, बाबा. तुझं गप्प बसणं नाही चालत."

मौनीला आधी रागच आला. यांना सांगायला काय जातंय! पण घरी जाताना ते बोलणं सलत राहिलं. लहानपणापासून त्याने सगळा दोष जिभेवर टाकला होता. आज जिभेने काहीच केलं नव्हतं, तिला त्याने बोलूच दिलं नव्हतं. मामांचा हात फाटला तो आपण अडखळलो म्हणून नाही, आपण अडखळणं लपवलं म्हणून. त्याला फार लाज वाटली, आणि ती नेहमीची लाज नव्हती.

बायकोने चहाचा कप पुढे केला.

"क-क-क..."

"काय झालं?" बायकोने सवयीने वाक्य पुरं केलं. त्याने हात वर करून तिला थांबवलं.

"क-कॉफी आहे का?"

"अगं बाई! मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

टाके काढल्यावर दुसरा आरसा निघाला. हा फुटला तर दोघांनीही घरी बसायचं, असं मालकीणबाईंनी बजावलं होतं. तोच जिना, तेच वळण, आणि कचरा टाकायला बाईंनी पुन्हा नेमकी तीच वेळ गाठली.

"थ-थ-थ-थ-थांब!"

जिना दणाणला. पहिल्या थ लाच मामा जागच्या जागी उभे राहिले. उरलेले थ येतच राहिले. वरून दोन डोकी डोकावली, त्यातलं एक हसलं. मौनीचे कान तापले, पण त्याने शब्द शेवटापर्यंत नेला. बाई बादलीसकट आत गेल्या, दार लागलं, आणि आरसा भिंतीवर चढला.

"मला पहिल्यालाच कळलं होतं," मामा घाम पुसत म्हणाले. "बाकीचे काय बाईंसाठी होते?"

मौनी खळखळून हसला. मामांनी पुढे मन भरेपर्यंत काम केलं आणि स्वतःच्या मर्जीने सोडलं.

मौनीची जीभ आजही अडते, पण तो इतका बोलतो की त्याच्या नावाचं नव्या माणसांना हसू येतं. आता गुडघे कुरकुरतात म्हणून तो मागे धरतो. पुढे असतो एक नवा गडी, आधीचा रंगारी. त्याची जीभ लोण्यासारखी चालते. परवा एका दाराशी तो ओरडला, "थ-थ-थांब!"

मौनीचे पाय जागीच रोवले गेले, आणि मागोमाग टाळकं तापलं. काच भिंतीला टेकवून तो सरळ त्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

"ख-खिल्ली उडवतोस माझी?"

नवा गडी गोंधळला. "खिल्ली? अहो, दुकानातल्या सगळ्या जोड्या असंच ओरडतात. मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. थ ओढायचा, म्हणजे शब्द पुरा व्हायच्या आत मागचा सावरतो. आरोळीच तशी आहे ना?"

मौनीचे डोळे भरून आले, ते त्याने पुसले नाहीत.

"ह-हो," तो म्हणाला. "त-तशीच आहे. चल, उचल."